थांबलेल्या इंजिनाचे वार्धक्य : शिडाची नौका आणि विहिरीवरील इंजिन

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. मलकापुरास मुंबईची गाडी धरल्याखेरीज येथील विद्यार्थ्यास समुद्राचे दर्शन घडत नाही. अशा जिल्ह्यातील वाचकापुढे जुन्या शिडाच्या नौकेवरील इंजिन व विद्युत्-व्यवस्था यांच्या निगेचा विषय मांडणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु नौकेच्या तळाशी बसविलेले लहान डिझेल इंजिन आणि आपल्याकडील विहिरीच्या काठी छपराखाली उभे असलेले इंजिन ही जातीने एकच आहेत, आणि त्यांचे रोगही बव्हंशी एकच आहेत. शिडाची नौका वाऱ्यावर चालते. तिचे इंजिन बंदरात शिरताना, वारा पडला असता, किंवा बॅटऱ्या भारण्यापुरतेच लागते. शेतावरचे इंजिनही पावसाळ्यात स्वस्थ असते आणि रब्बीच्या पाण्यासाठी जागे होते. कोकण किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते व नौका किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. नेमक्या त्याच महिन्यांत पूर्णाकाठचे इंजिनही गोणपाटाखाली झाकलेले असते. अर्थात् दोन्ही यंत्रांच्या आयुष्याचा मोठा भाग विश्रांतीत जातो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच आहे की, अशी इंजिने चालण्याने जितकी झिजतात त्याहून अधिक ती थांबण्याने नासतात. हे एकदा ध्यानी आले म्हणजे मालकाने स्वतः करावयाच्या निगेचा क्रम व काळ दोन्ही बदलतात.

चार मार्ग

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा दट्ट्याने इतकी दाबली जाते की ती अतिशय तापते, आणि त्या तप्त हवेत सूक्ष्म तुषारांच्या रूपाने फवारलेले तेल आपोआप पेटते. यास्तव इंजिन चालू होण्यास तीनच गोष्टी लागतात : पुरेसा दाब, स्वच्छ हवा आणि योग्य वेळी योग्य रीतीने फवारलेले तेल. चालू राहण्यास त्यात वंगण व थंडावा यांची भर पडते. नौकेवर ते फिरवावयास बहुधा विजेचा स्टार्टर असतो, तर शेतावर हॅण्डल मारणाऱ्या माणसाचे मनगट. म्हणजे इंजिनाची परीक्षा करणाराने चार मार्ग तपासावयाचे असतात : तेलाचा, पाण्याचा, वंगणाचा आणि विजेचा. मधले लोखंड सहसा दोषी नसते. दोष त्याच्याकडे येणाऱ्या वाटांत असतो. मिस्त्री येण्यापूर्वी मालकाने या वाटा क्रमाने पाहिल्या तर निम्मे काम झाले असे समजावे.

तेलाचा मार्ग

अर्धी भरलेली टाकी श्वास घेते. दिवसा आतील हवा तापून बाहेर पडते, रात्री निवून बाहेरची दमट हवा आत येते, आणि तिच्यातील बाष्प टाकीच्या थंड भिंतींवर दव होऊन उतरते. हे पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते. तेल व पाणी यांच्या सीमेवर काही बुरशी व जीवाणू वाढतात. त्यांचे अन्न तेल, आणि वस्ती पाण्यात. त्यांच्या वाढीने काळसर, बुळबुळीत गाळ तयार होतो. टाकी स्थिर असेपर्यंत त्याचा उपद्रव जाणवत नाही. परंतु नौका लाटांवर हेलकावू लागली म्हणजे तो ढवळून फिल्टरात शिरतो, आणि इंजिन नेमके बंदराच्या तोंडाशी, खडकांजवळ, बंद पडते. शेतावर लाटा नसतात. पण ऑक्टोबरात बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरवर चढवून इंजिन हलविले की तोच परिणाम होतो.

उपाय सोपा आहे. इंजिन विश्रांतीस ठेवताना टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे श्वास घेण्यास जागा उरत नाही. पुन्हा चालविण्यापूर्वी तळाचा मळसूत्री बोळा सैल करून थोडे तेल काचेच्या बाटलीत घ्यावे व घटकाभर स्थिर ठेवावे. तळाशी पाण्याची रेघ दिसली तर स्वच्छ तेल येईपर्यंत ते काढून टाकावे.

हे पाणी इतके घातक का, याचे उत्तर तेलपंपाच्या रचनेत आहे. पंपाचा दट्ट्या आणि त्याची नळी यांमधील फट काही थोड्या मायक्रॉनचीच असते आणि त्यांना वंगण म्हणून डिझेलच मिळते. पाण्याचा थेंब तेथे महिनाभर राहिला की गंज धरतो व दट्ट्या अडकतो. हा दोष मालकाच्या हातून सुधारण्याजोगा नाही, पण टाळण्याजोगा मात्र पूर्णपणे आहे.

तेलाच्या मार्गात हवा शिरणे हा दुसरा नित्याचा दोष. 'इंजिनाने हवा धरली' असे आपल्याकडे म्हणतात ते हेच. द्रव दाबला तरी आकसत नाही, हवा मात्र आकसते. म्हणून नळीत बुडबुडा असला की पंपाचा दाब त्या बुडबुड्यातच जिरतो आणि नोझल फवारीत नाही. हवा काढताना टाकीकडून नोझलकडे असा क्रम ठेवावा : आधी फिल्टरवरील स्क्रू, मग पंपावरील, आणि शेवटी नोझलकडे जाणारी नळी. प्रत्येक ठिकाणी बुडबुडे थांबून अखंड धार आली की स्क्रू आवळावा. एक इशारा मात्र विसरू नये. नोझलमधून सुमारे 200 वातावरणांच्या दाबाने निघणारा फवारा कातडी भेदून आत शिरतो, आणि जखम किरकोळ दिसली तरी शस्त्रक्रियेचा प्रसंग येऊ शकतो. फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये.

पाण्याचा मार्ग

येथे समुद्र आणि आपला जिल्हा अनपेक्षितपणे जवळ येतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा व मलकापूर या तालुक्यांतील अनेक गावांचे भूजल खारट आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. विहिरीच्या पाण्यात ते पुष्कळच कमी, पण क्रिया त्याच जातीची. जुन्या नौकांतून समुद्राचेच पाणी इंजिनाच्या भिंतीभोवती खेळविलेले असते. शेतावरील पाण्याने थंड होणाऱ्या कित्येक इंजिनांतही पंपाच्या पाण्याचाच एक फाटा इंजिनाकडे वळविलेला असतो.

खारे पाणी दोन प्रकारे अपाय करते. पहिला प्रकार पापुद्र्याचा. पाणी तापले की त्यातील बायकार्बोनेटाचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेट भिंतीवर जमते. ही खरपुडी उष्णतेची वाट अडविते, त्यामुळे धातू अधिक तापतो, आणि तापल्यामुळे खरपुडी अधिक वेगाने वाढते. याच कारणासाठी समुद्राच्या पाण्याने थंड होणारी इंजिने मुद्दाम 60 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली चालविली जातात. गोड्या पाण्याचे बंदिस्त अभिसरण असलेली इंजिने सुमारे 80 अंशांवर चालू शकतात.

दुसरा प्रकार गंजाचा, आणि तो विश्रांतीत बळावतो. इंजिन थांबले, पाणी अर्धवट आटले, आणि भिंतीवर क्षार राहिले, की हे क्षार हवेतील दमटपणा ओढून घेतात. पावसाळ्यात ते लोखंड अखंड ओले असते. शिवाय त्याला पाणी आणि प्राणवायू दोन्ही मिळतात. पूर्ण बुडालेल्या लोखंडापेक्षा ही स्थिती वाईट. म्हणून इंजिन ठेवण्यापूर्वी शेवटची पंधरा मिनिटे ते गोड्या पाण्यावर चालवावे आणि थंड झाल्यावर सर्व पाणी काढून टाकावे. खारपाणपट्ट्यात गोडे पाणी मौल्यवान आहे हे खरे. तरी एका हंगामास एक पिंप पाणी पुरते. नव्या सिलिंडर-हेडच्या किमतीपुढे ते महाग नव्हे.

नौकेवरील पंपात रबरी पात्यांचे चाक असते. ते कोरडे फिरले तर थोड्याच वेळात जळते, आणि महिनोन्‌महिने एकाच स्थितीत दाबून राहिले तर पाती वाकडी होऊन बसतात. विश्रांतीच्या काळात ते बाहेर काढून ठेवणे हा सुज्ञपणा होय. शेतावरच्या पंपाचा तसा भाग म्हणजे ग्लँडमधील दोरी व फुटव्हॉल्व्हचे कातडे अथवा रबर. तीही कोरडी पडली की भेगाळतात.

वंगणाचा मार्ग

बहुसंख्य मालक हंगामाच्या आरंभी ऑइल बदलतात. हा क्रम उलटा आहे. वापरलेल्या ऑइलात काजळीबरोबर जलांश व आम्लेही असतात, कारण डिझेलमधील गंधक जळून बनलेली द्रव्ये पाण्याशी संयोग पावून आम्ल होतात. असे ऑइल चार महिने आत ठेवणे म्हणजे बेअरिंगच्या मऊ धातूला चार महिने आम्लात बुडविणे. यास्तव ऑइल विश्रांतीपूर्वी, इंजिन गरम असताना, बदलावे आणि नव्या ऑइलावर पाच मिनिटे चालवून मग थांबवावे.

थांबलेल्या सिलिंडराच्या भिंतीवरील ऑइलाचा थर हळूहळू ओघळून जातो. दट्ट्याच्या कड्या जेथे थांबल्या असतील तेथे गंजाचे वलय उमटते, आणि हंगामात त्या वलयावरून कड्या घासू लागल्या की दाब कमी होतो. डिकम्प्रेशन लिव्हर उचलून इंजिन दर पंधरवड्यास हाताने आठ-दहा फेरे फिरवावे. त्याने थर पुन्हा पसरतो, आणि दट्ट्या बहुधा निराळ्या जागी थांबतो. प्रदीर्घ विश्रांतीसाठी हवेच्या वाटेने दोन चमचे ऑइल आत सोडावे, पण त्याहून अधिक नव्हे. ऑइलही दाबले जात नाही, आणि ते साचले असता स्टार्टर मारल्यास दट्ट्याचा दांडा वाकतो.

येथे एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. 'आठवड्याला दहा मिनिटे चालू करून ठेवतो' असे पुष्कळ मालक अभिमानाने सांगतात. भाराशिवाय दहा मिनिटे चालणारे इंजिन पूर्ण तापत नाही. आत बाष्प व आम्ल निर्माण होते, पण ते उडून जाण्याइतकी उष्णता येत नाही. नोझलवर काजळी धरते, भिंती गुळगुळीत काचेसारख्या होऊ लागतात आणि इंजिन ऑइल पिऊ लागते. केवळ बॅटऱ्या भारण्यासाठी बंदरात मंद गतीने चालविलेल्या नौकांच्या इंजिनांची हीच गत होते. चालवावयाचे तर अर्ध्या तासाहून अधिक, आणि भारावर. विहिरीवर त्यासाठी पंप जोडलेला असतोच. नौकेवर पंखा फिरवीत नौका प्रत्यक्ष हाकारावी.

विजेचा मार्ग

जुन्या नौकेवर 'इंजिन नादुरुस्त' म्हणून जे सांगितले जाते त्यात विजेचे दोष पुष्कळ असतात, आणि विजेच्या दोषांत सांध्यांचे. एक उदाहरण घेऊ. 12 व्होल्टच्या स्टार्टरला 150 अँपिअर प्रवाह लागतो असे धरू. बॅटरीच्या एका टोकावर हिरवट-पांढरी बुरशी येऊन सांध्याचा विरोध केवळ एक शतांश ओहम झाला, तर त्या एका ठिकाणी 150 गुणिले 0.01, म्हणजे दीड व्होल्ट खर्ची पडतो, आणि 225 वॅट उष्णता तेथेच निर्माण होते. असे दोन सांधे असले की स्टार्टर कण्हतो, फिरत नाही, आणि मालक नवी बॅटरी घेऊन येतो. साध्या मापकाने हा सांधा निर्दोषच दिसतो, कारण एक शतांश ओहम त्यास मोजता येत नाही, आणि प्रवाह नसताना दाबही उतरत नाही. म्हणून तपासणी भारावर करावी. स्टार्टर चालू असताना व्होल्टमापकाची एक टोचणी बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर व दुसरी तारेच्या टोकावर धरावी. तेथे शून्याच्या आसपास आकडा आला पाहिजे. आकडा आला तर दोष सापडला.

शेतावरील विद्युत्-मोटारीसही हाच न्याय लागू आहे. स्टार्टर-पेटीतील सैल सांधा, किंवा दुरून आणलेली बारीक तार, यांमुळे मोटारीस दाब कमी मिळतो. तेच काम करण्यासाठी ती अधिक प्रवाह ओढते, तापते, आणि अखेर वाइंडिंग जळते. दोष मोटारीचा नव्हे, वाटेचा असतो. मात्र येथे दाब प्राणघातक असल्याने मुख्य स्विच बंद केल्यावाचून पेटीस हात लावू नये.

बॅटरी हीही विश्रांतीत नासणारी वस्तू आहे. पूर्ण भारलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचा विसाव्याच्या स्थितीतील दाब सुमारे 12.6 व्होल्ट असतो, अर्धी रिकामी झाली की तो 12.2 च्या आसपास येतो. न वापरताही ती आपोआप रिकामी होत जाते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की ही गती स्थूलमानाने दुप्पट होते. वऱ्हाडातील मे महिना या दृष्टीने क्रूर आहे. रिकाम्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे स्फटिक जमतात. ते ताजे असताना भारणाने विरघळतात, पण जुने झाल्यावर कठीण होऊन तसेच राहतात. म्हणून विश्रांतीपूर्वी बॅटरी पूर्ण भारावी, तारा सोडवून ठेवाव्यात (ऋण टोक प्रथम) आणि महिन्यातून एकदा पुन्हा भारावी. भारताना हायड्रोजन वायू सुटतो, तेव्हा जवळ विडी-काडी नसावी.

खाऱ्या पाण्यात वीज बॅटरीवाचूनही वाहते. दोन निराळे धातू एकमेकांस जोडून खाऱ्या पाण्यात ठेवले की त्यांचा घट बनतो आणि हीन धातू झिजतो. नौकेच्या काशाच्या पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे बसवितात ते यासाठी. जस्त स्वतः झिजते व बाकीचे वाचविते, आणि झिजले की बदलतात. खारपाणपट्ट्यात लोखंडी नळास पितळी व्हॉल्व्ह जोडला असता नळ सांध्याजवळच का खातो, याचे कारण हेच.

मुंबईची 'सुहेली'

स्वतःची निगा स्वतः करण्याचा इतिहासातील एक मोठा दाखला महाराष्ट्राच्या किनाऱ्याशी जोडलेला आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश व्यापारी नाविकाने 1960 नंतरच्या वर्षांत मुंबईत सागवानाची 32 फुटी नौका बांधून घेतली. तिचे नाव 'सुहेली'. 14 जून 1968 रोजी ते इंग्लंडातील फालमथ बंदरातून एकटे निघाले आणि 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असे करणारे ते पहिले. त्या शर्यतीत निघालेल्या नऊ जणांपैकी पूर्ण करणारेही तेच एक.

त्या प्रवासात बॅटऱ्या भारण्याच्या लहान इंजिनाच्या मॅग्नेटोतील स्पर्शबिंदूंचे अंतर लावण्याचा प्रसंग आला आणि फीलर गेज जवळ नव्हते. तेव्हा एका इंचात पुस्तकाची किती पाने बसतात हे त्यांनी मोजले. 200 पाने बसली तर एक पान इंचाच्या पाच सहस्रांशाएवढे. हव्या तितक्या पानांची पट्टी हेच त्यांचे गेज झाले. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यास ही कृती नवी नाही, कारण पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत आपण हेच करतो. नवे आहे ते इतकेच की, येथे चुकलेल्या मापनाची किंमत गुणांत मोजली जाणार नव्हती.

या नौकेचा उत्तरार्ध आपल्या विषयास अधिक उद्बोधक आहे. 1997 पासून ती ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली होती. तेथील कोरड्या, नियंत्रित हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या, आणि 2002 मध्ये मालकाने ती बाहेर काढून पुन्हा दुरुस्तीस घेतली. दक्षिण महासागराच्या लाटांनी जे केले नव्हते ते संग्रहालयातील विसाव्याने केले.

पुढे भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे यांनी 19 ऑगस्ट 2009 ते 19 मे 2010 या काळात 'म्हादेई' या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. ही नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. अशा आधुनिक नौकेत सुकाणू सांभाळणारे यंत्र, दिशादर्शक आणि संदेशयंत्रणा ही सारी विजेवर चालतात. एकट्या नाविकास झोप मिळते ती सुकाणू-यंत्राच्या भरवशावर. तेथे हिरवटलेला सांधा ही केवळ गैरसोय राहत नाही.

मर्यादा

मालकाने काय करू नये हेही सांगितले पाहिजे. तेलपंप उघडणे, नोझलचा दाब लावणे आणि मोटारीचे वाइंडिंग ही कामे साधने व सराव असणाऱ्याचीच. दुसरी मर्यादा जिवाची. इंजिन विहिरीच्या आत उतरवून चालवू नये, आणि इंजिन चालून गेलेल्या विहिरीत लगेच माणूस उतरू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडास वास नसतो, आणि पहिल्यास काढावयास उतरलेला दुसराही प्राणास मुकतो. नौकेच्या बंद खोलीतही हाच वायू तितकाच घातक ठरतो.

राहिले एक साधन, आणि ते सर्वांत स्वस्त आहे. प्रत्येक नौकेवर नोंदवही असते. इंजिन किती तास चालले, ऑइल केव्हा बदलले, बाटलीत पाणी दिसले काय, बॅटरीचा दाब किती होता, हे तीत लिहिले जाते. विहिरीवरील छपरात अशी वही खिळ्यास अडकविलेली क्वचितच आढळते. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी जुने इंजिन आहे. विजेचे व सौर पंप आल्यापासून ते पूर्वीपेक्षाही अधिक काळ उभे असते, आणि वीज गेल्यावर, हरभरा फुलोऱ्यावर असताना, त्याची एकाएकी आठवण होते. त्या दिवशी ते सुरू होईल की नाही, हे त्या दिवशी ठरत नाही. ते मागील उन्हाळ्यात, ते थांबविले त्या संध्याकाळी, ठरलेले असते.